आदल्यांची राखण

टेपकोंडात आता एकच माणूस राहतो आणि त्याच्या ताब्यात पंधरा-सोळा घरं आहेत. एवढी स्थावर मालमत्ता पोलादपूर तालुक्यात दुसऱ्या कोणाकडे असेल असं वाटत नाही. त्यातलं एकच घर छपराचं आहे, बाकीच्यांची नुसती जोती उरली आहेत, आणि छपराच्या घराविषयीही श्रावणात खात्रीने काही बोलता येत नाही, हा भाग वेगळा.

ह्या मालमत्तेचा धनी रायबा उतेकर. इतिहासातल्या रायबाचं उमरठ त्याच्या डोंगराच्या पलीकडे, त्यामुळे आमच्याकडे मुलाचं नाव रायबा ठेवलं की त्याच्याबरोबर थोडा इतिहासही घरात ठेवावा लागतो. बापाने मोठी कामगिरी अंगावर घ्यायची आणि रायबाचं लग्न लांबायचं, हे ठरलेलं. आमच्या रायबाचंही लांबलं. ऐन हळदीच्या दिवशी बापाचा बैल आंबेनळीच्या जंगलात शिरला, आणि "आधी बैल" असं म्हणून बाप त्याच्यामागे गेला तो दोन दिवसांनी परतला. बैल त्याच्याआधी येऊन दावणीला उभा होता.

रायबा अंगाने काटकुळा, खांद्यावर टॉवेल, आणि तोंड अखंड चालू. बोलण्यासाठीच जन्माला आलेला माणूस. कोणी वाट विचारली तर वाट, त्या वाटेवर कोण घसरला, घसरणाऱ्याची सासुरवाडी कुठली, इथपर्यंत सांगून मग तो पुन्हा वाटेवर यायचा. अशा माणसाला रिकाम्या डोंगरावर एकटं ठेवणं म्हणजे पट्टीच्या आचाऱ्याला एकादशीला कामावर बोलावण्यासारखं आहे. पण टेपकोंडाला रस्ता आला नाही, शाळेत पोरं उरली नाहीत, म्हणून एकेक घर उठत गेलं. रायबाची बायको आनंदीबाई काही वर्षांपूर्वी वारली. मुलगा किशोर नालासोपाऱ्याला असतो. त्याने बापाला एकदा नेऊन पाहिलं. चार दिवस रायबा समोरच्या बंद दारासमोर स्टूल टाकून बसला. दार उघडेल, माणूस बाहेर येईल, मग आपण विचारू, "काय, जेवलात काय?" अशी त्याची साधी योजना होती. दार उघडलं एकदाच. आतल्या बाईंनी विचारलं, "आपण सिक्युरिटीचे का?" पाचव्या दिवशी रायबा टेपकोंडात होता.

आमच्याकडे घर सोडून जाणारा माणूस घर मागे ठेवत नाही. कौलं उतरवतो, वासे सोडवतो, दारं-खिडक्या डोक्यावर घेतो आणि खाली रस्त्याच्या गावात नेऊन कोणाच्या तरी पडवीला लावतो. जोतं तेवढं उचलता येत नाही. उचलायचंही नसतं, कारण त्याच्या कोपऱ्यात शेंदूर लावलेला दगड असतो आणि त्या दगडात घराचा राखणदार. त्याला वर्षातून एकदा, देवदिवाळीला, राखण द्यावी लागते. नारळ फोडायचा, जमलं तर कोंबडं द्यायचं, आणि घरातल्या माणसांची नावं त्याच्या कानावर घालायची. आपण कोणाला राखतोय हे त्याला ठाऊक नको? राखण घरच्यानेच द्यायची. घरचं कोणी हजर नसेल तर भावकीतल्या दुसऱ्याचा हात चालतो. हजर असेल तर नाही चालत. मग तो घरचा माणूस पाळण्यातला असला तरी त्याचा हात नारळाला लावूनच नारळ फोडायचा. आणि दुसऱ्यावर सोपवलेली राखण घरच्याने एकदा परत हातात घेतली, की त्या दुसऱ्याचा हात पुन्हा चालत नाही.

सगळ्यात आधी गेला तो येसाजी, रायबाचा चुलतभाऊ आणि गुरं राखायच्या वयापासूनचा सोबती. जाताना म्हणाला, "रायबा, तेवढी राखण दे रे माझ्या घरची." रायबाने मान डोलावली. मग पुढे जो तो हेच सांगून उतरत गेला, आणि बघता बघता सगळ्या टेपकोंडाची राखण रायबाच्या गळ्यात पडली. येसाजी मुंबईतच वारला. त्याचा मुलगा सुनील लहानपणीच बापाबरोबर उतरलेला, तो परत कधी वर आला नाही, की त्याची खबर आली नाही.

देवदिवाळीला रायबा टोपलीत नारळ भरून निघायचा. कोंबडं एकच असायचं, ते सगळ्या राखणदारांत मिळून. प्रत्येक जोत्यापुढे उभं राहून तो त्या घरच्यांची नावं घ्यायचा, नवीन जन्मलेल्यांची भर घालायचा, मेलेल्यांची वजा करायचा, आणि मग वर्षभराच्या बातम्या सांगायचा. पाऊस कसा झाला, रानडुकरांनी किती नाचणी खाल्ली, पोलादपुरात नवीन पूल कुठे झाला. राखणदार ऐकून घ्यायचे. टेपकोंडात वर्षातल्या ह्या एका दिवशी एवढं बोलणं व्हायचं. बाकीचे दिवस त्याला बोलायला खालच्या वाडीत धोंडूबाईकडे उतरावं लागे. ही त्याच्या थोरल्या चुलतभावाची विधवा, आणि ती ऐकण्यापेक्षा ऐकवण्याची शौकीन.

आता आदले. रायबाचा चुलता भिकू गुरं चारताना पोरांना सांगायचा की आपल्या आधी ह्या डोंगरावर आदले राहायचे. सात-सात हात उंच. टेपावर, म्हणजे वरच्या टेकाडावर, बसले की पाय खाली सावित्री नदीत बुडायचे. कातळावर वाटीएवढे, पाटीएवढे गोल खळगे आहेत ना, त्या त्यांच्या टाचा. ह्या भिकूची आई त्याच खळग्यांत वरी कांडायची, पण पोरांना ते आठवत नसे आणि भिकूलाही आठवून घ्यायची गरज वाटत नसे. ज्या गावाला शाळा नसते त्याला असा एखादा भिकू असावा लागतो. महाडच्या लेण्यांचं श्रेय आम्ही पांडवांना देऊन मोकळे झालो, तसं टेपकोंडाने खळग्यांचं आदल्यांना दिलं. सगळीकडे काम आपण करायचं आणि नाव दुसऱ्याचं, ही आमची जुनी रीत आहे.

तीन-चार वर्षांपूर्वी डोंगर चढणाऱ्या हौशी पोरांच्या वाटा टेपकोंडावरून जायला लागल्या. पाठीवर पोतं, हातात काठी आणि तोंडात 'वॉव'. जोती बघून ते थांबायचे, विचारायचे, "हे काय आहे?" रायबा हर्षाने सांगायचा, "हे येसाजीचं जोतं. हे रावजीचं. हा रावजी मुंबईला गेला, आता डायबेटीस हाय त्याला." पोरं "अच्छा" म्हणायची, पाणी प्यायची आणि पुढे निघायची. रावजीचा डायबेटीस पूर्ण ऐकून घेणारा एकही भेटला नाही. एकदा दाढ दुखत होती म्हणून रायबा गप्प राहिला, तर तीच माणसं चहा होईपर्यंत थांबली. डोळे बारीक करून जोत्यांकडे बघत बसली. रायबाच्या हे ध्यानात राहिलं. खरं सांगितलं की पाणी, गप्प बसलं की चहा.

मग ऋत्विक आला. पुण्याचा, दाढीवाला, जागोजाग खिसे असलेली पँट. तो हरवलेल्या संस्कृतींचे व्हिडिओ करायचा. हरवलेली संस्कृती ह्या विषयावर त्याने इतकं वाचलं होतं की एखादी संस्कृती शाबूत दिसली तर त्याला चुकचुकल्यासारखं व्हायचं. त्याने जोती पाहिली, कोपऱ्यातला शेंदूर पाहिला, नारळाच्या करवंट्या पाहिल्या. आवाज खाली गेला.

"आजोबा, इथे पूजा होते?"

"राखण देतो. वर्षातून एकदा."

"कोणाची?"

रायबाने तोंड उघडलं होतं. येसाजीचं नाव जिभेवर आलं होतं. चुलीवर भात रटरटत होता आणि तो, एकट्या माणसाचा असतो त्यापेक्षा, सवयीने थोडा जास्तच टाकलेला होता.

"आदल्यांची," रायबा म्हणाला.

ऋत्विक जेवायला थांबला. भाताबरोबर कुळथाचं पिठलं खाल्लं, पुन्हा मागून घेतलं आणि रात्री अंगणात झोपला. दुसऱ्या दिवशीही राहिला. आदले किती उंच, काय खायचे, काय नेसायचे, एकेक विचारत गेला आणि रायबा एकेक सांगत गेला. भिकूकडचा साठा दुपारपर्यंत संपला. पुढचं रायबाने पदरचं घातलं.

"मग ते गेले कुठे, आजोबा? रोग आला? भूकंप?"

"नाय रे. कोण मेला नाय. एकेक उठून गेला. आज ह्यो, उद्या त्यो."

"आणि शेवटचा?"

रायबाने चुलीतलं लाकूड आत सारलं. "शेवटच्याला कुठं कळतं रे तो शेवटचा हाय? सांगायला कोण पायजे ना."

ऋत्विक म्हणाला, "हे परत एकदा बोला, माईक लावतो."

व्हिडिओ निघाला आणि टेपकोंडाचं नशीब उघडलं. शनिवार-रविवारी माणसं येऊ लागली, आणि प्रत्येक माणूस आपापले आदले घेऊन येऊ लागला. डोंबिवलीचे एक निवृत्त इंजिनिअर म्हणाले की समुद्रात एक अख्खा खंड बुडाला, त्यावरची माणसं पोहत येऊन घाट चढली. रायबाने त्यांना ताक दिलं. साताऱ्याच्या एका तरुणाच्या मते आदले आकाशातून आले आणि खळगे हे त्यांच्या यानाच्या पायांचे. रायबाने त्यालाही ताक दिलं. एक बाई जोत्यावर डोळे मिटून बसल्या आणि आपल्याला इथे फार जुनी स्पंदनं जाणवतात म्हणाल्या. ते रावजीचं जोतं होतं. तिथे गोठा होता, त्यामुळे जुनं काहीतरी जाणवण्याची शक्यता नाकारता येत नाही.

रायबा कोणालाच खोडून काढत नसे. बुडालेला खंड म्हटला की तो म्हणे, "आसंल." यान म्हटलं की म्हणे, "उतरायला जागा बरी हाय." त्याला एकच पाहिजे होतं. माणसं पानावर बसली पाहिजेत. आदल्यांची गोष्ट त्याने अशी बेतली होती की ती भात शिजायला लागतो तेवढाच वेळ चालायची आणि शेवट भात उतरल्यावरच यायचा. पोलादपूरच्या बाजारातून त्याने स्टीलची ताटं आणली. दुकानदाराने विचारलं, "नातवाचं लगीन काय?" रायबा म्हणाला, "नाय रे. पावणे येतात आमच्याकडं." हे वाक्य म्हणता यावं म्हणून तो पुन्हा एकदा जाऊन वाट्याही घेऊन आला.

धोंडूबाईला हे पसंत नव्हतं. ती शेळ्या घेऊन वर यायची आणि पाहुण्यांच्या देखत सुरू व्हायची.

"काय भावजी, आज किती हात उंच सांगितलंत?"

"सातच सांगतो, वयनी."

"तुमचा बा टोपी घालून पाच फूट व्हता. त्याच्या जोत्यावर ही पोरं हात जोडतात. लाज नाय वाटत?"

"हात जोडतात तर जोडू देत. बाला कोण हात जोडत व्हतं?"

"आन् येसाजीभावजींचं घर? त्येबी आदल्यांना देऊन टाकलंत?"

ह्यावर रायबा शेळ्यांना पाणी दाखवायला उठायचा.

किशोरचाही फोन आला. टेपकोंडात फोन लागतो तो टेपाच्या माथ्यावरच्या एकाच खडकावर. रायबा दर रविवारी ठरल्या वेळी तिथे जाऊन बसतो.

"बाबा, तुमचा व्हिडिओ बघितला. ऑफिसात सगळ्यांनी बघितला."

"मग? सांगितलंस का, माझा बा हाय म्हणून?"

"नाही सांगितलं."

"का रे?"

"त्यात म्हणतात, ही जमात नामशेष झाली. आता मी काय सांगू, मी त्यातलाच आहे आणि मला दुपारी मीटिंग आहे?"

रायबा पुष्कळ हसला. फोन ठेवल्यावरही बराच वेळ खडकावर बसून राहिला.

पुढच्या देवदिवाळीला ऋत्विकने जाहीर केलं की आदल्यांचा वार्षिक विधी आपण पहिल्यांदाच चित्रित करणार. सकाळीच वीस-पंचवीस माणसं वर आली. टेपकोंडात एवढी माणसं येसाजीच्या लग्नानंतर जमली नव्हती. रायबाने धुतलेलं धोतर काढलं, डोक्याला टॉवेल बांधला. अंगणात मोठ्या टोपात भात, दुसऱ्यात कोंबडीचा रस्सा. धोंडूबाई रागावलेली होती, पण वाटण करून द्यायला आली होती. राग तिचा पक्का. मसाला दुसऱ्याच्या हाती सोडायचा नाही हे त्याहून पक्कं.

पहिली दोन-तीन जोती छान पार पडली. नारळ फुटायचा, रायबा तोंडातल्या तोंडात नावं घ्यायचा आणि फोन वर उंचावलेले असायचे. ऋत्विक हलक्या आवाजात कॅमेऱ्याला सांगायचा की हा मंत्र लिपी जन्मण्याच्या आधीचा असावा. रायबा त्या वेळी रावजीच्या तिन्ही सुनांची नावं घेत होता.

मग येसाजीचं जोतं आलं. त्यावर एक पोरगा टेप लावून लांबी मोजत होता. बरोबरची मुलगी, स्नेहल तिचं नाव, आकडे फोनवर टिपत होती.

"पोरा, जरा खाली उतर. राखण द्यायची हाय," रायबा म्हणाला. आणि मग, गप्प राहवतच नाही म्हणून, "नाव काय तुझं?"

"शुभम."

"शुभम काय? पुरं सांग."

"शुभम सुनील उतेकर. आमचंही गाव इकडेच कुठेतरी आहे, आजोबा. कागदपत्रांवर खालच्या मोठ्या गावाचं नाव लागतं. पप्पांनी कधी आणलं नाही. आम्ही गणपतीला आईच्या माहेरी जातो, पाचाडला."

रायबाचा नारळ धरलेला हात वर गेलेला होता. तो तिथेच राहिला.

"सुनील येसाजी?"

"हो. म्हणजे, आजोबांचं नाव येसाजी होतं. तुम्ही ओळखता?"

मागून ऋत्विक म्हणाला, "आजोबा, थांबलात का? घ्या ना, ऊन मस्त पडलंय."

रायबाने मागे पाहिलं. एवढी माणसं आपल्याकडे बघत आहेत. अंगणात भात उतरलेला आहे. हातातला नारळ नुसता खाली आणायचा, की ही माणसं पानावर बसणार, पुढच्या शनिवारी दुसरी येणार, त्याच्या पुढच्या शनिवारी तिसरी. समोरच्या पोराला आपण कुठे उभे आहोत हे ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांतली धोंडूबाई अंगणात रश्श्याचं मीठ बघते आहे. कोणाला कळणार नव्हतं. फक्त कोपऱ्यात तो शेंदराचा दगड होता, आणि घरचा माणूस जोत्यावर उभा असताना परक्या हाताचा नारळ त्याच्यापुढे कसा फोडायचा, हे रायबाला कोणी शिकवलेलं नव्हतं.

त्याने हात खाली घेतला.

"मला नाय फोडता यायचा," तो म्हणाला.

"का? काय झालं?" ऋत्विकने विचारलं.

"घरचा माणूस आलाय." रायबाने नारळ शुभमपुढे धरला. "हे तुझ्या आज्याचं घर, पोरा. येसाजीचं. हितं चूल व्हती. त्या कडंला तुझा बा रांगायला शिकला, आन् ह्या पायरीवरनं पडला. कपाळाला खोक व्हती का नाय त्याच्या?"

 शुभमचा हात आपल्याच कपाळाकडे गेला होता, डाव्या भुवईच्या वर.

 मग स्नेहलने हळूच विचारलं, "पण मग ते सात हात उंच लोक?"

"येसाजी दाराला डोकं आपटायचा," रायबा म्हणाला. "तेवढा व्हता."

ऋत्विकने फोन खाली केला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याचा चेहरा जत्रेत हरवलेल्या पोरासारखा झाला होता. "आजोबा, मी तुमच्यावर विश्वास ठेवला. दोन दिवस राहिलो मी इथे. तुम्ही सगळं सांगितलंत मला."

"सांगितलं रे."

"पण का?"

"तू जेवायला थांबलास," रायबा म्हणाला.

ऋत्विकने फोन खिशात टाकला. काही जण हसले, काही जण खाली बघत बॅगा आवरू लागले. डोंबिवलीचे इंजिनिअर पुन्हा आले होते. ते म्हणाले की एक जोतं घराचं निघालं म्हणून खंड बुडालाच नाही असं होत नाही. पण त्यांनीही बूट बांधायला घेतले.

शुभम नारळ हातात घेऊन उभा होता. "मला येत नाही," तो म्हणाला. "काय बोलायचं असतं?"

"नाव सांग तुझं. कुठं ऱ्हातोस ते सांग. घरात कोण कोण हाय ते सांग. त्याला म्हायत नाय."

शुभमने घसा साफ केला. मागे वळून पाहिलं आणि मग दगडाकडे बघून, इंटरव्ह्यूला सांगावं तसं सांगायला लागला. "मी शुभम. दिव्याला राहतो. ईस्टला, स्टेशनपासून रिक्षाने. घरी आई आहे. बहीण आहे, प्रियदर्शिनी, तिचं लग्न झालं. पप्पा…" 

"सांग. राखणदार सुनीलची वाट बघत आसंल."

"पप्पा करोनात गेले," शुभम म्हणाला.

रायबाला हे माहीत नव्हतं. सुनील गेल्यानंतरही तीन-चार वर्षं तो ह्याच दगडापुढे 'सुनीलला सुखी ठेव' असं म्हणत आला होता. त्याने टॉवेल डोक्यावरून सोडला आणि खांद्यावर घेतला.

नारळ पहिल्या फटक्याला फुटला नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला फुटला तो असा वेडावाकडा की पाणी सगळं शुभमच्या पँटवर. धोंडूबाई तोवर अंगणातून आली होती. "येसाजीभावजींचाच हात," ती म्हणाली. "त्यांचाबी कवा सरळ फुटला नाय."

जेवायला पाच-सहा जणच थांबले. ऋत्विक थांबला नाही, पण जाताना पाणी पिऊन गेला. शुभम मात्र पोटभर जेवला आणि विचारत राहिला. आजोबा काय करायचे, का गेले, भांडून गेले का, पप्पा ह्या गावाचं नाव का काढत नव्हते. रायबाने आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात दिलं. "गावाचं नाव काढलं की यावं लागतं," तो म्हणाला. "यायला रजा लागते."

शेवटची एसटी गाठायची म्हणून पोरं ऊन असतानाच उठली. शुभम पाया पडला. "पुढच्या वर्षी नक्की येतो, आजोबा."

"यायलाच लागंल. तुझा हात लागला आता. ह्या जोत्याला माझा नाय चालायचा."

शुभम हसला. त्याला ती म्हाताऱ्या माणसाची आग्रह करायची पद्धत वाटली.

त्याने स्वतः एक छोटा व्हिडिओ टाकला, 'माझ्या आजोबांचं घर' म्हणून. तो दिव्या-नालासोपाऱ्याच्या उतेकरांनी पाहिला, हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि त्यांतल्या दोघा-तिघांनी 'मिस यू गाव' असंही लिहिलं. किशोरने या वेळी ऑफिसात सगळ्यांना दाखवला. तो अर्ध्या मिनिटातच संपतो, म्हणून सगळ्यांनी शेवटपर्यंत पाहिला. डोंगर चढणारी पोरं हळूहळू दुसऱ्या वाटेला लागली. तिकडे भोरच्या बाजूला कुठेतरी एका विहिरीत खालच्या जगाचा दरवाजा आहे असं निघालं. टेपकोंडातली ताटं फळीवर पालथी पडली.

यंदाच्या देवदिवाळीला रायबाने बाकीची जोती सकाळीच उरकली. येसाजीच्या जोत्यापुढे नारळ घेऊन बसला. घरी भात दोघांचा टाकलेला होता. दुपारी धोंडूबाई शेळ्या घेऊन आली, तिने एकदा त्याच्याकडे आणि एकदा खालच्या वाटेकडे पाहिलं.

"फोडा तुम्हीच, भावजी. कोण बघतंय?"

"नाय गो वयनी. आता नाय चालायचं."

"मग ऱ्हा बसून. तुमच्या आदल्यांसारखं."

ती गेली नाही. शेजारच्या जोत्यावर पाय पसरून बसली आणि शेळ्यांना शिव्या देत राहिली. तिच्या पद्धतीने ही सोबत होती.

ऊन कलल्यावर रायबा खडकावर गेला. फोन लागला.

"आजोबा, सॉरी," शुभम म्हणाला. "रजा मंजूर झाली नाही हो. इयर एंड आहे ना. असं करूया का, मी व्हिडिओ कॉल करतो. मी इथून बघतो, तुम्ही फोडा."

रायबाने ह्यावर प्रामाणिकपणे विचार केला. फोन कानापासून दूर धरून त्याने त्याची मागची-पुढची बाजूही पाहिली. "त्याच्यातनं हात लागत नाय रे," तो म्हणाला. "आन् खाली जोत्यावर रेंजबी नाय."

"मग काय करायचं?"

"काय नाय. नारळ ठेवतो मी जोत्यावर. कवाबी ये."

"राखणदार रागावणार तर नाही ना?"

"त्याला रागवायला कोण पायजे ना समोर," रायबा म्हणाला. "तू जेवलास काय?"

शुभम जेवला होता. काय जेवला तेही त्याने सांगितलं, डब्यात काय होतं, कॅन्टीनचा रस्सा कसा पाणचट असतो. रायबाने सगळं ऐकून घेतलं. मग खाली येऊन नारळ दगडाजवळ ठेवला आणि दोघांचा भात धोंडूबाईबरोबर खाल्ला. तिने भात कमी शिजल्याचं सांगितलं.

तो नारळ आठवडाभरात वानरांनी नेला. रायबाने पोलादपूरहून दुसरा आणून ठेवला. तोही नेला. आता तिसरा आहे, वर एक मोठा दगड ठेवून. शुभमचा फोन अधूनमधून येतो. तो रजेविषयी सांगतो, रायबा वानरांविषयी.